एका पुस्तकात अठ्ठावीस फाळण्या : चित्रकथांचा संग्रह वाचून मन द्विधा का होते?

कच्छमधल्या कारागीर बायकांनी कापडाचे तुकडे कापून, एकावर एक ठेवून, कडेने टाके घालून केलेली चित्रे एका पुस्तकात छापलेली आहेत. त्या चित्रांतून १९७१ च्या युद्धात सिंधमधल्या थरपारकर भागातून निघून भारतात आलेल्या लोकांची कहाणी सांगितली आहे. कहाणी ऐकण्याजोगी आहेच, पण ती सांगण्याची रीत त्याहून विलक्षण आहे, कारण ज्यांचे गाव सुटले त्यांच्याच हातच्या कामातून ते सुटणे आपल्यापुढे येते. अडचण एवढीच की पुस्तक काळ्या-पांढऱ्यात छापलेले आहे. ज्या कलेचा अर्धा जीव लाल, पिवळ्या, निळ्या कापडात असतो, ती इथे करड्या छटांत उतरली आहे. ते पान पाहताना एकाच वेळी दोन विचार मनात येतात : हे छापले गेले ते किती चांगले झाले, आणि हे असे छापायला नको होते.

हे पुस्तक म्हणजे 'धिस साइड, दॅट साइड' हा फाळणीवरच्या चित्रकथांचा इंग्रजी संग्रह. दिल्लीच्या योडा प्रेसने तो २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची जुळवाजुळव विश्वज्योती घोष यांनी केली. आणीबाणीवरची त्यांची 'डेल्ही काम' ही चित्रकादंबरी त्याआधी २०१० मध्ये आली होती. प्रामुख्याने भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश या तीन देशांतल्या लेखक-चित्रकारांच्या २८ कथा या संग्रहात आहेत. उपशीर्षकात 'रीस्टोरींग' असा एक मुद्दाम घडवलेला शब्द आहे. कानाला तो 'पूर्ववत करणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखा लागतो, पण डोळ्यांना त्यात 'स्टोरी' दिसते. मोडलेले पूर्ववत होणार नाही, त्याची गोष्ट मात्र नव्याने सांगता येईल, असा काहीसा भाव त्यात आहे. आणखी एक बारकावा असा की घोष यांचे नाव तिथे संपादक म्हणून येत नाही, 'क्युरेटर' म्हणून येते, म्हणजे चित्रप्रदर्शन मांडणाऱ्याची भूमिका त्यांनी पत्करली आहे. या शब्दाकडे पुढे परत यावे लागेल.

हे पुस्तक मी दोनदा सलग आणि मधूनमधून पुष्कळदा वाचले आहे, आणि कसे आहे असे कोणी विचारले की दरवेळी अडखळलो आहे. काही कथा मनातून जात नाहीत, काही पहिल्याच वाचनात निसटून गेल्या, आणि काहींबद्दल 'हेतू उत्तम, पण...' असे वाक्य तोंडात येऊन थांबते. पूर्वी मला वाटे की ही माझ्याच आवडीनिवडीची गडबड असावी. हळूहळू लक्षात आले की या अडखळण्याची बरीचशी कारणे चित्रकथा या प्रकाराच्या घडणीतच आहेत, आणि ती कळली तर असा कोणताही संग्रह वाचणे थोडे सोपे होते.

आधी विषयाबद्दल थोडे, कारण २८ कथा लागाव्यात इतका तो मोठा आहे का, हा प्रश्न रास्त आहे. शाळेच्या पुस्तकात फाळणी एका तारखेला होते. प्रत्यक्षात सीमारेषा आखण्यासाठी नेमलेले सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात पोचले, जेमतेम पाच आठवडे त्यांच्या हाती होते, आणि त्यांचा निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र होऊन गेल्यानंतर. सीमेलगतच्या कित्येक लोकांनी स्वातंत्र्याचे पहिले दोन दिवस आपण नेमके कोणत्या देशात आहोत हे माहीत नसताना काढले. बरे, फाळणी सगळीकडे एकसारखीही झाली नाही. पंजाबात ती काही महिन्यांत, रक्तपातासह उरकली. बंगालमध्ये ती वर्षानुवर्षे झिरपत राहिली. लोक १९५० मध्ये आले, १९६४ मध्ये आले, १९७१ मध्ये तर लोंढ्याने आले. आणि सिंधची तर फाळणी झालीच नाही, तो प्रांत अख्खा पाकिस्तानात गेला, त्यामुळे तिथल्या हिंदूंना आपला म्हणावा असा अर्धा प्रांतही भारतात उरला नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांतले हजारो लोक येऊन राहिले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले, हे मुंबईच्या लोकलमधून रोज ते स्टेशन ओलांडणाऱ्यालाही बहुधा आठवत नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावे गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा या भागांत आजही आहेत. असा विषय एका नायकाच्या, एका गावाच्या गोष्टीत बसवला तर गोष्ट चांगली होते आणि विषय लहान होतो. म्हणून संग्रह हवा, इथपर्यंत कोणाचे दुमत होऊ नये.

मात्र संग्रह चित्रकथांचा असला की एक वेगळी भानगड सुरू होते.

चित्रकथा वाचणे म्हणजे काय, हे आपण लहानपणी शिकतो आणि शिकलो होतो हे विसरून जातो. माझ्या पिढीच्या अनेकांनी ते इंद्रजाल कॉमिक्समधल्या मराठीत बोलणाऱ्या वेताळाकडून शिकले. एका चौकटीत वेताळाने मूठ उगारलेली असते, पुढच्या चौकटीत गुंड जमिनीवर पडलेला असतो. ठोसा कुठेच काढलेला नसतो. तो दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत बसतो आणि तो मारतो वाचक. अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये चित्रकथेचे व्याकरण चित्रकथेतूनच समजावून सांगताना याच रिकाम्या जागेवर भर दिला होता : जे दाखवले नाही ते वाचक मनात पुरे करतो, आणि या प्रकाराची खरी ताकद तिथे आहे. (फाळणीच्या चित्रकथांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांना ही पांढरी पट्टी आणि देशांची सीमा यांच्यातले साम्य फार मोहात पाडते. साम्य आहे, पण ते इतक्यांनी इतक्यांदा सांगितले आहे की आता त्यातून नवे काही निघेनासे झाले आहे.)

ही रिकामी जागा किती मोठी ठेवायची, चौकटी पानावर किती आणि कशा मांडायच्या, रेघ टाकाची की ब्रशाची, बोलण्याचे फुगे कोणत्या क्रमाने लावायचे, अंधार काळ्या शाईने भरायचा की बारीक रेघोट्यांनी, हे प्रत्येक चित्रकार आपापल्या पद्धतीने ठरवतो. वाचकाला ती पद्धत त्याच्याच पानांवर, चालता चालता शिकावी लागते. दोनशे पानांची एकहाती चित्रकादंबरी असेल तर हे शिकणे पहिल्या चार-पाच पानांत आटोपते आणि पुढे डोळा आपसूक चालतो. संग्रहात मात्र दर दहा-बारा पानांनी हात बदलतो. डोळा जरा रुळतो, माणसे चेहऱ्यांनी ओळखू येऊ लागतात, आणि कथा संपते. पान उलटले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. 'धिस साइड, दॅट साइड' सलग वाचणाऱ्याला हे शिकण्याचे मोल २८ वेळा मोजावे लागते. मी पहिल्यांदा एका बैठकीत अर्धे पुस्तक वाचायला गेलो तेव्हा चौथ्या-पाचव्या कथेनंतर दमणूक जाणवली, आणि तिचा दोष बिचाऱ्या सहाव्या कथेला बसला. नंतर एकदा सुटी वाचली तेव्हा तीच कथा चांगली निघाली.

गद्य कथासंग्रहात असे का होत नाही, हे तुलनेने पाहण्यासारखे आहे. तिथेही वीस लेखक वीस आवाजांत बोलत असतात. पण सगळ्यांचे शब्द एकाच ठशात, एकाच आकाराच्या अक्षरात, सारख्या समासात छापलेले असतात. छपाई तिथे इस्त्रीचे काम करते. चित्रकथेत प्रत्येकाचे हस्ताक्षरच थेट पानावर येते, त्यामुळे वरखालीपणा डोळ्यांत भरतो. वीस गद्यकथांपैकी पाच कच्च्या असल्या तरी आपण संग्रहाला चांगले म्हणून मोकळे होतो. वीस चित्रकथांपैकी पाच कच्च्या असल्या तर पुस्तक नुसते चाळणाऱ्यालाही ते दिसते.

याच कारणाने चित्रकथांच्या संग्रहात पानाचा आकार हा निव्वळ छापखान्याचा प्रश्न राहत नाही. १९८० मध्ये न्यू यॉर्कमध्ये आर्ट स्पीगलमन आणि फ्रान्स्वाज मूली यांनी 'रॉ' नावाचे चित्रकथांचे मोठ्या आकाराचे नियतकालिक सुरू केले. स्पीगलमन यांची 'माउस' ही ज्यूंच्या संहारावरची कथा त्याच्या दुसऱ्या अंकापासून क्रमशः येऊ लागली, ती मोठ्या पानांवर पसरून नव्हे, अंकात बसवलेल्या वेगळ्या छोट्या पुस्तिकेच्या रूपाने. लहान चौकटींत, जवळ धरून वाचायची ती गोष्ट; तिला तेवढेच घर करून दिले. ही चैन नियतकालिकाला परवडते. एकाच आकाराच्या, एकाच शाईच्या पुस्तकात २८ जणांना बसवायचे म्हटले की कोणाला ते घर मापाचे होते आणि कोणाला होत नाही. कच्छच्या कापडी चित्रांचे झाले ते हेच.

आता या संग्रहाची खरी खासियत. इथल्या बऱ्याच कथा जोडीने केलेल्या आहेत : शब्द एकाचे, चित्रे दुसऱ्याची, आणि अनेकदा ते दोघे सीमेच्या दोन बाजूंचे. लाहोरचा लेखक आणि दिल्लीचा चित्रकार, अशा जोड्या घोष यांनी मुद्दाम लावल्या, आणि त्यांतल्या अनेकांनी प्रत्यक्ष न भेटता, मजकूर आणि कच्ची रेखाटने इकडून तिकडे पाठवत काम केले. व्हिसा मिळून समोरासमोर बसणे किती जिकिरीचे आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पाकिस्तानी पत्रकार बीना सरवर आणि चित्रकार प्रसन्न धांदरफळे यांनी या संग्रहात केलेल्या कथेचे नावच 'मिलने दो' असे आहे.

कल्पना म्हणून हे फार सुंदर आहे. कामाच्या पातळीवर मात्र जोडीने चित्रकथा करणे अवघड असते, आणि कुठे अवघड असते ते सांगतो. लेखक मजकूर देतो तेव्हा तो वाक्यांत असतो. तो चौकटींत मोडावा लागतो : कोणत्या वाक्याचे चित्र होणार, कोणते वाक्य फुग्यात जाणार, कोणते वाक्य पूर्ण गाळून त्याच्या जागी नुसता बंद दरवाजा काढायचा. ही मोडणी म्हणजेच चित्रकथेचे लेखन. ती करताना लेखक शेजारी बसलेला असला, चित्रकाराने 'हा अख्खा परिच्छेद मी एका चौकटीत दाखवतो, तुमचे शब्द काढून टाका' असे म्हटले आणि लेखकाने ते ऐकले, तर दोघांची मिळून एक गोष्ट तयार होते. लांब राहून, एकमेकांशी नीट ओळख नसताना, दुसऱ्या देशातल्या माणसाच्या आजीच्या आठवणीतले वाक्य काढून टाका असे सांगायला कोणाचीही जीभ रेटत नाही. मग शब्द सगळे राहतात आणि चित्रे त्यांच्या आजूबाजूला आदबीने उभी राहतात.

असे झाले आहे का हे ओळखण्याची माझी एक साधी रीत आहे. पानावरची चित्रे तळहाताने झाकायची आणि नुसते शब्द वाचायचे. काहीच हरवले नाही, गोष्ट पूर्ण कळली, तर ती चित्रकथा नाही, सजवलेला लेख आहे. मग उलट करायचे : शब्द झाकून चित्रे पाहायची. आपल्याकडे शि. द. फडणीस यांनी 'मोहिनी', 'हंस' यांच्या मुखपृष्ठांवर शब्दाला हातही न लावता अख्खे प्रसंग सांगितले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ही दुसरी कसोटी अपरिचित नाही. चांगल्या चित्रकथेत दोन्ही वेळा काहीतरी कमी पडते, आणि दोन्ही मिळून जे होते ते एकेकट्यात कुठेच नसते. या संग्रहातल्या काही कथा पहिल्याच कसोटीत अडकतात. विशेषतः ज्यांच्या मुळाशी प्रसंगापेक्षा युक्तिवाद आहे, व्हिसाची धोरणे चुकीची आहेत किंवा दोन्हीकडची माणसे सारखीच आहेत असा, त्यांत चित्रकाराला करायला फारसे काही उरत नाही. म्हणणे पटते, पान मात्र लक्षात राहत नाही.

आणि काही जोड्यांत ही फट दोष राहत नाही, तीच गोष्ट होऊन बसते. अहमद रफे आलम आणि मार्तंड खोसला यांच्या कथेचे शीर्षक म्हणजे एकाच घराचे दोन पत्ते आहेत : '९० अपर मॉल' किंवा '१ बावा पार्क'. लाहोरमधले हे घर फाळणीपूर्वी एका कुटुंबाचे होते, नंतर दुसऱ्याचे झाले, आणि पुढच्या पिढीतले दोघे, एक तिकडचा आणि एक इकडचा, त्याच्याबद्दल मिळून सांगत आहेत. इथे दोन आवाज एकजीव व्हावेत अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. घर एक आहे आणि आठवणी दोन आहेत. त्या जुळत नाहीत हेच तर सांगायचे आहे. शीर्षकातला 'किंवा' हा शब्द मला या सगळ्या पुस्तकातला सर्वांत नेमका शब्द वाटतो. कायद्याच्या कागदावर घराला एकच पत्ता असतो, तिथे 'किंवा' चालत नाही.

सलमान रशीद आणि मोहित सुनेजा यांच्या कथेचे नाव 'मीही लाहोर पाहिले आहे' अशा अर्थाचे आहे. ज्याने लाहोर पाहिले नाही तो जन्मालाच आला नाही, या पंजाबी म्हणीला दिलेले ते उत्तर आहे. ही म्हण ठाऊक असलेल्याला शीर्षकापाशीच हुंदका ऐकू येतो. ठाऊक नसलेल्याला ते प्रवासवर्णन वाटू शकते. संग्रह तीन देशांच्या वाचकांसाठी असला की असे होणारच, आणि तळटीप देऊन हुंदका समजावता येत नाही.

टिटवालच्या कथेचे उलट आहे. आरिफ अयाज परे आणि वसीम हेलाल यांनी 'तमाशा-ए-टिटवाल' या नावाने जी कथा केली आहे तिच्यामागे उर्दू कथाकार मंटोची प्रसिद्ध कथा आहे : काश्मीरमध्ये समोरासमोरच्या दोन टेकड्यांवर दोन सैन्ये, मध्ये एक भटका कुत्रा, आणि तो कोणाचा हे ठरवण्याच्या खेळात त्याचा जीव जातो. ही कथा उपखंडातल्या बहुतेक वाचकांना आधीच माहीत असते, त्यामुळे काय घडले हे सांगत बसण्याचे ओझे नव्याने सांगणाऱ्यांवर नाही. मंटोने ती बाहेरून, कडवट हसत सांगितली होती. इथे ती एक काश्मिरी लेखक सांगत आहे, ज्याच्यासाठी त्या दोन टेकड्यांमधली जागा रूपक नाही, राहण्याची जागा आहे.

सगळ्यात जास्त वाद होण्यासारखी कथा बहुधा मारिया लिट्वा यांची, ढाक्यातल्या जिनिव्हा कॅम्पवरची आहे, कारण ती छायाचित्रांतून सांगितली आहे. पार्श्वभूमी थोडक्यात अशी : १९४७ नंतर बिहार आणि आसपासच्या भागांतून उर्दू बोलणारे मुसलमान पूर्व पाकिस्तानात गेले. १९७१ मध्ये बांगलादेश झाला तेव्हा त्यांच्याकडे पाकिस्तानचे पाठीराखे म्हणून पाहिले गेले. पाकिस्तानने त्यांतल्या थोड्यांनाच घेतले, बाकीचे मोहम्मदपूरसारख्या भागांतल्या छावण्यांत राहिले, आणि त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न २००८ मध्ये बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देईपर्यंत लोंबकळत होता. एकाच कुटुंबाच्या आयुष्यात दोन फाळण्या, आणि दुसरीनंतर कोणताच देश नाही.

ही कथा चित्रांत का नाही, छायाचित्रांत का, आणि मग ती चित्रकथा कशी, असे विचारणारे वाचक मला भेटले आहेत. माझ्या मते प्रश्न नावाचा नाही. रेखाटलेले चित्र म्हणते, 'मला असे आठवते'. छायाचित्र म्हणते, 'हे असे होते, इथे होते'. वीसेक पाने आपण आठवणींच्या प्रदेशात, हलत्या रेघांत फिरत असतो आणि अचानक खऱ्या माणसाचा खरा चेहरा पानातून आपल्याकडे पाहू लागतो. त्या क्षणी धक्का बसतो, आणि तो चांगला आहे. पुढच्या कथेकडे वळल्यावर मात्र त्याची किंमत मोजावी लागते, कारण छायाचित्रानंतर लगेच आलेली रेखाटलेली माणसे काही पाने खेळण्यातली वाटत राहतात. म्हणजे एका कथेचे यश शेजारच्या कथेला बाधते. एकहाती पुस्तकात हे होत नाही; संग्रहातच होते, आणि म्हणून कोणाशेजारी कोणाला बसवायचे हे ठरवणे हे जुळवणाऱ्याचे फार मोठे काम असते.

इथे 'क्युरेटर' हा शब्द पुन्हा येतो. प्रदर्शनात पाहणारा आपल्या पायांनी फिरतो, एखादे चित्र सोडून पुढे जातो, दारातून परत येऊन आधीचे पुन्हा पाहतो. पुस्तकाला पृष्ठक्रमांक असतात आणि ते मुकाट्याने 'आता हे' असे सांगत राहतात. घोष यांनी प्रदर्शनासारखे आवाज आपापल्या जागी राहू दिले आहेत, कोणाला घासूनपुसून सारखे केलेले नाही. संपादक म्हणून ते बसले असते तर कदाचित काही कथा परत पाठवल्या असत्या, काही निम्म्या केल्या असत्या, आणि पुस्तक सात-आठ कथांनी लहान पण घोटीव झाले असते. मीही कधी पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेवर अशी काटछाट करून पाहिली आहे. सहा नावांवर काट मारली आणि थांबलो. लक्षात आले की ज्या कथा मला कच्च्या वाटतात त्यांतल्या काही नेमक्या अशा आहेत, ज्यांना दुसरीकडे कुठे जागा मिळाली नसती. दीर्घ चित्रकथा काढण्याचा सराव या तीन देशांत सारखा नाही. संग्रहातल्या चित्रकारांची नावे पाहत गेले तर भारतातली जास्त भेटतात. उत्तम रेखाटलेल्या तेवढ्याच कथा ठेवल्या असत्या तर पुस्तक देखणे झाले असते आणि 'दुसरी बाजू' मात्र आक्रसली असती. शीर्षकात दोन बाजूंचे वचन दिले असताना ते परवडणारे नव्हते. तरीही कच्चे ते कच्चेच, आणि हेतूच्या पुण्याईवर वाईट मोडणी चांगली होत नाही, हेही म्हटले पाहिजे.

भाषेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. तीन देशांना जोडणारी भाषा म्हणून इंग्रजी निवडली, यात व्यवहाराच्या दृष्टीने चूक काही नाही. उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे जाते, बंगाली आणि देवनागरी डावीकडून उजवीकडे, आणि चौकटींचा क्रम लिपीच्या दिशेने ठरत असल्याने एकाच पुस्तकात दोन दिशा नांदवणे म्हणजे प्रत्येक पानाला वाट विचारावी लागली असती. पण संग्रहात कथा असलेले पत्रकार रवीश कुमार यांच्यासारखा हिंदीत विचार करणारा माणूस, किंवा विश्वज्योती घोष यांची आजी अमिया सेन, ज्यांच्या निर्वासितांबद्दलच्या बंगाली लेखनावर घोष यांची स्वतःची कथा बेतली आहे, यांचे बोलणे इंग्रजी फुग्यांत वाचताना काहीतरी घसरते. गद्यात भाषांतर झाले तर आपण मूळ आवाजाची कल्पना करू शकतो. चित्रकथेत बोलणारा चेहरा समोर असतो, साडीचा पदर, ओट्यावरची भांडी, सगळे बंगालचे असते, आणि तोंडाजवळच्या फुग्यात मात्र इंग्रजी असते.

मराठी वाचकाने हा संग्रह कसा वाचावा, असे विचाराल तर आपल्याला दिवाळी अंक वाचायची सवय आहे, तीच इथे कामी येते. दिवाळी अंक कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत नाही. आधी व्यंगचित्रे, मग ओळखीच्या लेखकाची कथा, मग महिनाभराने कधीतरी उरलेला मजकूर, आणि एखादा लेख पुढच्या दिवाळीला रद्दी काढताना. अंकातला एक लेख फसला म्हणून अख्खा अंक फसला असे आपण म्हणत नाही. या पुस्तकातली एकेक कथा वेगळ्या दिवशी वाचली की दर वेळी नव्या हाताची ओळख करून घेण्याचा शीण राहत नाही, आणि छायाचित्रांच्या शेजारी बसल्यामुळे मार खाल्लेल्या कथांनाही न्याय मिळतो.

राहता राहिले ते कच्छचे पान. ती कथा नीना सबनानी यांची आहे, ज्या पवईच्या आयआयटीत शिकवत असत, आणि तिच्यामागे त्यांनी त्याच कारागीर बायकांच्या कामातून २००९ मध्ये केलेला 'टांको बोले छे' हा छोटा चलत्‌चित्रपट आहे. त्यात सगळे रंग आहेत. तो पाहून मी पुस्तकातले पान पुन्हा उघडले, अर्थात नाराज होण्याच्या तयारीनेच. रंग नसल्यामुळे एक तुकडा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे आधी कळेना. मग पान दिव्याजवळ नेले तेव्हा दिसले की प्रत्येक आकृतीच्या कडेने बारीक बारीक टाके आहेत, काही सारख्या अंतरावर, काही घाईत घातल्यासारखे लांब. चित्रपटात रंगांच्या झगमगाटात माझ्या ते लक्षातच आले नव्हते. पुस्तक मिटवताना तरीही वाटलेच की निदान ही एवढी पाने तरी रंगीत छापायला हवी होती.